लाल दिवा लागला की

कोइम्बतूर जिल्ह्यात, अनामलाईच्या डोंगरांवर, वालपारई नावाचे एक पठार आहे. क्षेत्रफळ सुमारे २२० चौरस किलोमीटर. एकेकाळी हे सगळे घनदाट सदाहरित जंगल होते. १८९० च्या दशकापासून इंग्रज मळेवाल्यांनी ते तोडायला सुरुवात केली आणि पुढच्या चार-पाच दशकांत तिथे चहा-कॉफीचे मळे उभे राहिले. मळ्यांवर राबायला सखल भागातून मजुरांची कुटुंबे आणली गेली. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढ्या आज तिथल्याच झाल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत वालपारईची लोकसंख्या सत्तर हजारांच्या घरात होती. मळ्यांच्या मध्ये नद्यांच्या कडेने जंगलाचे लहान-मोठे तुकडे तेवढे शिल्लक राहिले. पठाराच्या चहूबाजूंना मात्र जंगल आहे: अनामलाई व्याघ्र प्रकल्प, केरळातले परंबिकुलम, वाळच्चाल. या जंगलातून त्या जंगलात जाणाऱ्या हत्तीला वालपारई ओलांडावेच लागते. सुमारे शंभर हत्ती वर्षभरात केव्हा ना केव्हा या पठारावर असतात.

अशा ठिकाणी माणसे मरणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. पण नेमकी कशी मरतात, हे कोणीतरी बसून तपासायला हवे होते. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेचे आनंद कुमार आणि त्यांचे सहकारी २००२ च्या सुमारास तिथे गेले ते हत्तींच्या वाटा समजून घ्यायला. कोणता कळप कोणत्या नदीकाठाने येतो, दिवसा कोणत्या झाडीत थांबतो, रात्री कुठून मळा ओलांडतो, याची रोजची नोंद त्यांनी ठेवली. सोबतच १९९४ पासूनच्या मृत्यूंची माहिती जमवली. प्रत्येक घटना कुठे घडली, किती वाजता, माणूस त्या वेळी काय करत होता, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना विचारून लिहून काढले.

त्यातून निघालेली गोष्ट ऐकायला साधी आहे, पण या प्रकरणात पुढे जे काही येणार आहे ते सगळे तिच्यावर उभे आहे. मेलेल्यांपैकी बहुतेकांना हत्ती जवळपास आहे हे ठाऊकच नव्हते. त्यांनी हत्तीला डिवचले नव्हते की पिकावरून हुसकावले नव्हते. बाजार करून, पाळी संपवून, शेवटच्या बसमधून उतरून संध्याकाळच्या अंधुक उजेडात ते घराकडे चालले होते. डोंगरातली वळणाची वाट, दोन्ही बाजूंना कमरेएवढा चहा, वर धुके. वळण घेतले आणि समोर हत्ती. हत्तीची नजर फार तीक्ष्ण नसते, त्याचा भरवसा वासावर आणि कानावर. वारा उलटा असेल तर त्यालाही माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. दोघेही दचकतात. मग त्या दोन-तीन क्षणांत जे व्हायचे ते होते.

संघर्ष हा शब्द आपण सरसकट वापरतो. त्यात एक जाणूनबुजून केलेले भांडण गृहीत धरलेले असते. वालपारईतल्या बहुतेक मृत्यूंमध्ये भांडण नव्हतेच. एक माहिती वेळेवर पोहोचली नव्हती.

मग उपायही माहितीचाच निघाला. सुरुवात झाली स्थानिक केबल टीव्हीवरून. संध्याकाळी मालिका चालू असताना पडद्याच्या तळाशी तमिळमध्ये ओळ सरकायची: अमुक मळ्यात, तमुक शाळेच्या मागे हत्ती आहेत. पण ज्याला धोका होता तो टीव्हीसमोर नव्हताच, तो वाटेत होता. मोबाइल घरोघर पोहोचल्यावर, २०११ च्या आसपास, एसएमएस सुरू झाले. हत्ती जिथे आहेत त्याच्या साधारण दोन किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्यांनाच ते जायचे. ही निवड फार शहाणपणाची होती. रोज सगळ्या पठाराला इशारा गेला असता तर महिन्याभरात कोणी तो उघडूनही पाहिला नसता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित निरोपाचे फोन आले. मग बसमध्येही घोषणा होऊ लागल्या, कारण उतरल्यावर अंधारात चालणारा माणूस त्या क्षणी बसमध्येच बसलेला असतो.

आणि आणखी एक गोष्ट, लाल दिवा. बसथांब्याजवळ, चढावर, जिथून दूरवरच्या वाटांवरून नजर जाते अशा जागी खांबावर एलईडीचे लाल दिवे बसवले. प्रत्येक दिव्याच्या पेटीत एक सिमकार्ड. ठरलेल्या लोकांच्या नंबरवरून फोन गेला की दिवा लागतो, आणखी एका फोनने विझतो. दिवा एक किलोमीटरवरूनही दिसतो. तो लागलेला दिसला की माणूस थांबतो, सोबत शोधतो, दुसऱ्या वाटेने जातो किंवा थोडा वेळ बसथांब्यावरच बसून राहतो. सुरुवातीला दिवे लावण्याचे काम संस्थेची माणसे करत. हळूहळू मळ्यातले पर्यवेक्षक, राखणदार, दुकानदार आणि मजूर ते स्वतः करू लागले. मला या सगळ्या प्रयोगात हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. दिवा लावणारी व्यक्ती त्याच वाटेने घरी जाणारी असली की दिवा वेळेवर लागतो.

या व्यवस्थेआधी वालपारईत वर्षाला सरासरी तीन माणसे हत्तीमुळे जीव गमावत. नंतर ते प्रमाण एकावर आले. या कामासाठी आनंद कुमार यांना २०१५ चा व्हिटली पुरस्कार मिळाला. एकही हत्ती हलवला गेला नव्हता, एकही चर खणला गेला नव्हता.

घरांच्या नुकसानीचा प्रश्न वेगळा होता. वालपारईत हत्ती चहा खात नाहीत, मग भिंती का फोडतात? नोंदी पाहिल्यावर दिसले की रेशन दुकाने, शाळांच्या माध्यान्ह भोजनाची स्वयंपाकघरे आणि धान्य साठवलेल्या खोल्या यांच्यावर त्यांचा रोख अधिक आहे. तांदूळ, डाळ, मीठ यांचा वास हत्तीला लांबून येतो. म्हणजे सगळ्या चाळींना कुंपण घालण्याची गरज नव्हती. धान्य कुठे आणि कसे ठेवायचे, एवढ्या एका गोष्टीकडे लक्ष द्यायचे होते.

वालपारई हा मळ्यांचा प्रदेश आहे. जिथे हत्तीच्या वाटेत भात, नाचणी, ऊस, केळी उभी असते तिथे गणित बदलते, आणि ते समजून घ्यायला हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार यांच्या कामाकडे जावे लागते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बिळिगिरीरंगन आणि सत्यमंगलमच्या डोंगरांजवळच्या गावांत त्यांनी रात्री-रात्री शेताच्या कडेला राहून पाहिले की कोणते हत्ती पिकात येतात. प्रौढ नर वर्षातल्या सरासरी ४९ रात्री शेतात येत होता. कळपातल्या माद्या-पिल्लांच्या वाट्याला सरासरी ८ रात्री येत होत्या. तफावत एवढी का? जंगलातल्या रानगवतापेक्षा नाचणीसारख्या पिकात प्रथिने, कॅल्शियम, सोडियम अधिक असतात. नराला वाढायला हवे, मस्तीचा काळ निभवायचा असतो, माद्यांसाठी दुसऱ्या नरांशी झुंजायचे असते. चांगल्या पोषणाचा त्याला मिळणारा फायदा जिवावरच्या धोक्याहून मोठा ठरतो. पिल्ले सोबत असलेली मादी तो धोका सहजी पत्करत नाही.

हे कळले की गावकऱ्यांचे एक जुने निरीक्षणही उलगडते. कळप येतो आणि जातो, पण एकटा टस्कर मात्र पुन्हा पुन्हा येतो. त्याला फटाके कळतात, टॉर्च कळतो, पत्र्यांचा आवाज कळतो. विजेच्या कुंपणाची तारही कळते. सौर कुंपणातून जाणारा झटका उच्च दाबाचा पण क्षणिक असतो, जीव घेत नाही, फक्त धडा देतो. हस्तिदंतातून वीज वाहत नाही, हे काही नर अनुभवाने शिकतात आणि सुळ्यांनी तार खाली ओढतात. काही जण शेजारचे झाड तारेवर पाडून वाट करतात. कुंपण नीट ठेवले नाही तर एवढाही खटाटोप लागत नाही. पावसाळ्यात वेली आणि गवत तारेला टेकले की वीज जमिनीत जाते आणि तार नुसती तार उरते. हत्ती अडवायला खणलेले चर आपल्या सह्याद्रीतल्या पावसात दोन-तीन हंगामांत ढासळून भरून येतात.

आणि कुंपण चुकीच्या हाती गेले तर ते शस्त्र होते. घरच्या वीजवाहिनीचा प्रवाह थेट तारेत सोडण्याचा प्रकार आजही अनेक ठिकाणी चालतो. तो बेकायदा आहे. भारतात हत्तींच्या अनैसर्गिक मृत्यूंमध्ये विजेचा धक्का हे सर्वांत मोठे कारण आहे. त्याच तारेला चिकटून माणसेही मेली आहेत, कधी तर शेजारच्या शेतातलीच.

देशात दरवर्षी हत्तींमुळे पाचशेच्या आसपास माणसे मरतात आणि माणसांमुळे शंभराच्या आसपास हत्ती. डीएनएच्या आधारे केलेल्या आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतात २२,४४६ रानहत्ती आहेत. आशियातल्या एकूण रानहत्तींपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडेच आहेत. हे सगळे आकडे शेजारी ठेवले की कुठल्याही एका बाजूला उभे राहून बोलणे अवघड होते. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला हत्तीचे पर्यावरणीय महत्त्व सांगायला जाणे मला क्रूर वाटते. त्या घराला हवी असते भरपाई, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला ही वेळ येणार नाही याची हमी. प्रश्न एवढाच आहे की ती हमी कशाने मिळते.

बहुतेक गावांचे उत्तर एकच असते: हत्ती पकडा आणि लांब नेऊन सोडा. भीतीत जगणाऱ्या माणसाने हे म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. पण हा उपाय करून पाहिला गेला आहे आणि त्याचे काय होते हे मोजूनही झाले आहे. श्रीलंकेत पृथ्वीराज फर्नांडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उपद्रवी ठरवून पकडलेल्या नरांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधले आणि अशा १६ स्थलांतरांचा माग ठेवला. अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सगळे हत्ती राष्ट्रीय उद्यानांत सोडले होते. त्यातले दोन उद्यानातच मारले गेले. बाकी सगळे उद्यान सोडून बाहेर पडले. काही थेट आपल्या मूळ मुलखात परतले, काही दूरदूर भटकत राहिले, काहींनी नव्या गावांच्या कडेला बस्तान बसवले. आधी एका तालुक्याचा असलेला प्रश्न आता दोन-तीन तालुक्यांचा झाला होता. अनोळखी प्रदेशात घाबरलेला हत्ती आणि हत्तीची सवय नसलेली गावे, अशी ती गाठ होती. हत्तीही अधिक मेले.

केरळातल्या अरिकोम्बनची गोष्ट तर वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचली. इडुक्कीतल्या चिन्नकनालमध्ये रेशनच्या तांदळासाठी दुकाने फोडणारा हा टस्कर २०२३ च्या एप्रिलमध्ये पकडून पेरियार व्याघ्र प्रकल्पात सोडला. महिन्याभरात तो डोंगर उतरून तमिळनाडूतल्या कंबम शहराच्या रस्त्यांवर आला. जूनमध्ये त्याला पुन्हा बेशुद्ध करून आणखी दक्षिणेला कळक्काड-मुंडनथुराईच्या जंगलात नेण्यात आले. हत्तीच्या डोक्यात आपल्या मुलखाचा नकाशा असतो: पाणी कुठे, सावली कुठे, कोणत्या महिन्यात कोणते झाड फळते. तो नकाशा ट्रकमधून उतरल्यावर पुसला जात नाही.

श्रीलंकेनेच दुसरी वाटही दाखवली. त्या देशातल्या हत्तींपैकी मोठा हिस्सा अभयारण्यांबाहेर, माणसांच्या शेजारी राहतो. तिथली सरकारी विजेची कुंपणे वर्षानुवर्षे वन्यजीव विभाग आणि वन विभाग यांच्या जमिनींच्या सीमेवर उभारली गेली. ती सीमा कागदावरची. कुंपणाच्या आतही हत्ती, बाहेरही हत्ती. फर्नांडो यांचे म्हणणे असे की कुंपण हत्तीभोवती घालू नका, गावाभोवती घाला. वायव्येकडच्या कोरड्या भागात, गलगमुवाच्या परिसरात, त्यांनी हे करून दाखवले. गावाला कायमचे कुंपण, आणि भातशेतीला हंगामी. पेरणीआधी शेतकऱ्यांची समिती खांब रोवते, तार ओढते, रोज वीज तपासते. कापणी झाली की सगळे काढून गुंडाळून ठेवते. मग हत्ती मोकळ्या शेतात येऊन धसकटे खातात. कोरड्या ऋतूत त्यांना चारा मिळतो आणि पिकाच्या दिवसांत ते तारेबाहेर राहतात. कुंपण गावाचेच असल्यामुळे त्यावर चढलेली वेल तोडायला कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. २०२० साली श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीने फर्नांडो यांच्याच अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आराखडा केला आणि त्यात हीच पद्धत मध्यवर्ती होती. अंमलबजावणी मात्र रेंगाळली, आणि श्रीलंकेत दरवर्षी शेकड्यांनी हत्ती मरणे थांबलेले नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. २००२ साली कर्नाटकातल्या खानापूर-दांडेलीच्या बाजूने हत्ती सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात उतरले. कित्येक पिढ्या इथे रानहत्ती कोणी पाहिला नव्हता. चहाच्या मळ्यातल्या मजुराला निदान आज्याकडून ऐकलेले असते. इथे तेही नव्हते. माड, पोफळी, केळी, भात, पुढे कोल्हापुरातल्या चंदगड-आजऱ्याकडे ऊस: हत्तीला हवे ते सगळे एका पट्ट्यात. पंधरा-वीस वर्षे पोरासारखा वाढवलेला माड हत्ती एका रात्रीत आडवा करतो, गाभा खातो आणि पुढच्या झाडाकडे वळतो. नुकसान एका हंगामाचे नसते. नवा माड लावून तो फळायला पुन्हा कित्येक वर्षे जातात. पंचनामा मात्र एका झाडाचा, एका दराने होतो, आणि पैसे हाती येईपर्यंत पुढचा पावसाळा येतो. बागायतदाराचा राग हत्तीवर निघतो, पण त्याचा बराचसा भाग या कागदांमुळे साठलेला असतो.

पकडण्याचा मार्गही आपण वापरून पाहिला आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत सिंधुदुर्गातल्याच माणगाव खोऱ्यात कर्नाटकातले प्रशिक्षित हत्ती आणून तीन रानहत्ती पकडले. त्यातले दोन बंदिवासात थोड्याच काळात दगावले. तरी दोडामार्गातल्या तिलारीच्या खोऱ्यात हत्ती येतच राहिले. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावात एका ज्येष्ठ शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि संताप उसळला. त्याच वर्षी ओंकार नावाने ओळखला जाणारा तरुण टस्कर गोव्यात पेडण्यापर्यंत फिरून आला. त्याच्यामागे मोटारसायकली, मोबाइल कॅमेरे, सुतळी बॉम्ब आणि बघ्यांची झुंबड. सुकुमारांच्या नोंदी वाचलेल्याला हे वागणे ओळखीचे वाटेल: कळपातून सुटलेला, नवा मुलूख धुंडाळणारा, धोका पत्करणारा नर. त्याला फटाक्यांनी एका गावातून दुसऱ्या गावात ढकलणे म्हणजे बिचकलेला हत्ती शेजाऱ्याच्या अंगावर घालणे.

पूर्वेला गडचिरोलीत २०२१ पासून ओडिशातून छत्तीसगडमार्गे आलेला कळप फिरतो आहे. तिथली भातशेती, मोहफुले, पाड्यांवरची विरळ वस्ती यांचा प्रश्न सिंधुदुर्गाहून फार निराळा आहे. कोकणात बसणारा उपाय तिथे तसाच्या तसा बसणार नाही.

म्हणून वालपारईतून उचलायचे ते लाल दिवे नव्हेत. तिलारीच्या खोऱ्यातल्या कित्येक वाड्यांवर मोबाइलला रेंजच मिळत नाही, तिथे सिमकार्डवरचा दिवा लागणार कसा? तिथे कदाचित वायरलेस लागेल, देवळातला भोंगा लागेल, दूध संकलनाच्या गाडीबरोबर निरोप जाईल. उचलायची आहे ती त्यांची पहिली पायरी. २००२ पासून आजवर सिंधुदुर्ग आणि कोल्हापुरात माणूस आणि हत्ती समोरासमोर आल्याची प्रत्येक घटना घेऊन बसायचे: वेळ, जागा, माणूस काय करत होता, त्याला आधी कळले होते का. वालपारईत धोक्याची वेळ संध्याकाळची निघाली. दोडामार्गात ती पहाटेची निघू शकते, कारण फेब्रुवारी ते मे या काळात इथली माणसे उजाडताना एकेकटी काजूच्या बागेत बोंडे गोळा करायला जातात. पाला वाळलेला असतो, झाडे खाली झुकलेली असतात आणि वीस पावलांपलीकडचे दिसत नाही. तसे असेल तर इशारा आदल्या रात्री जेवणाच्या वेळी पोहोचायला हवा, बागेत दोघा-तिघांनी मिळून जायला हवे आणि हत्तीच्या मागावर असलेल्या वनमजुरांच्या तुकडीला पहाटे चार वाजता वाडीवरच्या कोणाला उठवायचे ते ठाऊक हवे. बागेभोवतीचे सौर कुंपण सांभाळायला वाडीची समिती हवी. आणि माडाची भरपाई त्याच्या राहिलेल्या वर्षांचा हिशोब धरून, पंचनामा झाल्याच्या महिन्यात खात्यात जमा व्हायला हवी. यातल्या नोंदींचे काम वन विभागाचे रक्षक आणि गावातली कॉलेजची मुले मिळून एका पावसाळ्यात करू शकतात, म्हणजे पुढचा काजूचा हंगाम सुरू होण्याआधी ते हाताशी असेल.